अलेप्पोचा सोनेरी हॅमस्टर : नागपुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे हॅमस्टर आला तो भाचीच्या हट्टापायी. वर्षभरात तिला बंगळुरूला नोकरी लागली आणि पिंजरा माझ्या गळ्यात पडला. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, हे सगळ्या इमारतीला ठाऊक. त्यामुळे तळमजल्यावरच्या पोट्ट्यांपासून दूधवाल्या दादापर्यंत जो येतो तो मलाच विचारतो. तीच ती उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाची लिहून काढली. पाळण्याबद्दलचे प्रश्न यात आहेतच, पण माझा जीव जास्त अडकलाय तो रानातल्या हॅमस्टरमध्ये. पिंजऱ्यातल्या बहुतेक ‘हा असं का करतो?’ची उत्तरं मला अलेप्पोच्या शेतातच सापडली.

काकू, हा शेवटी उंदीरच ना?

उंदराचा चुलत-चुलत भाऊ म्हणा. दोघंही कृंतक, म्हणजे कुरतडणारे. पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, म्हणून सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. पण घरातल्या उंदराचं कूळ वेगळं, याचं वेगळं. फरक बघायचा तर शेपूट बघा. उंदराची अंगाएवढी लांब, याची बोटाच्या पेराएवढी, तीही केसांत लपलेली.

शास्त्रीय नाव मेसोक्रिसेटस ऑरॅटस. ऑरॅटस म्हणजे सोनेरी. रानातला हॅमस्टर पाठीवर सोनेरी-तपकिरी, पोटाशी पांढुरका, आणि गालामागून खांद्याकडे जाणारा एक काळसर पट्टा. दुकानात पांढरे, काळे, लांब केसांचे ‘टेडी बेअर’ मिळतात ते सगळे याच जातीचे. माणसानं निवडून निवडून वाढवलेले रंग आहेत ते. बुटके ‘ड्वार्फ’ हॅमस्टर मात्र वेगळ्या जातींचे. त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहिलेलं नाही.

मूळचा कुठला?

सीरियाच्या उत्तरेला अलेप्पो शहराभोवतीचं पठार, आणि त्याला लागून तुर्कस्तानची दक्षिणेकडची कड, किलिस गावाच्या आसपास. बस, एवढंच. बाकी जगात कुठेही हा प्राणी मूळचा नाही.

एवढंच म्हणजे किती? जर्मनीतल्या हाले विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ आणि १९९९ मध्ये तिथे जाऊन शोध घेतला. त्यांचा अंदाज १०,००० ते १५,००० चौरस किलोमीटरचा. आपला नागपूर जिल्हा साधारण १०,००० चौरस किलोमीटर भरतो. म्हणजे नरखेडपासून भिवापूरपर्यंत आपला जिल्हा घ्या, वर फार तर वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग जोडा, की एका अख्ख्या जातीचा जन्मोजन्मीचा मुलूख संपला. त्यातही सलग वस्ती नाही, इथे चार बिळं तर तिथे दोन.

एक गंमत सांगते. ती बिळं ज्या जमिनीत सापडली तिची समुद्रसपाटीपासूनची उंची २८० ते ३८० मीटर. नागपूरची साधारण ३१०. उंचीपुरतं तरी पाहुण्याला परकं वाटायला नको!

वाळवंटातला प्राणी ना हा? मग आपलं ऊन त्याला काय करणार?

हा गैरसमज दरवर्षी एप्रिल-मेमध्ये कितीतरी हॅमस्टरचा जीव घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, अलेप्पोचं पठार म्हणजे उंट आणि वाळूचे डोंगर नव्हेत. तो कोरडवाहू शेतीचा मुलूख आहे. गहू, जव, मसूर, हरभरा. पाऊस हिवाळ्यात पडतो, वर्षाकाठी जेमतेम ३०० ते ३५० मिलिमीटर. नागपुरात त्याच्या तिपटीच्या आसपास पडतो. उन्हाळा कोरडा आणि कडक, हिवाळ्यात रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत. पुस्तकात त्याला निमशुष्क प्रदेश म्हणतात. दुकानदार ‘डेझर्ट ॲनिमल आहे जी, गरमीचं टेन्शन नाही’ म्हणून सांगतो, ते अर्धवट ज्ञान.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तो प्राणी ऊन सहन करत नाही, ऊन चुकवतो. भर दुपारी तो जमिनीखाली हात-दीड हात खोल, थंड मातीत झोपलेला असतो. आपण काय करतो? त्याला लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात, बोटभर भुशावर, तिसऱ्या मजल्यावरच्या स्लॅबखाली ठेवतो आणि म्हणतो वाळवंटी आहे, राहील. अहो, २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. खोली तिशीच्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो. आमची पुडी पहिल्या मेमध्ये पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पोळीसारखी पसरून पडली होती, चारही पाय चार दिशांना. मला वाटलं काय मजेत झोपलीय. मजेत नव्हती ती.

(नाव पुडी का? पुडाच्या वडीवरून. गाल भरून आले की हुबेहूब तशीच दिसायची, आतून ठासून भरलेली, दोन्ही टोकांना निमुळती.)

तेव्हापासून आमची उन्हाळ्याची व्यवस्था अशी: पिंजरा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर. कूलर खोलीत चालू असू द्या, पण झोत सरळ पिंजऱ्यावर नको आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट कोंडतं आणि भुसा ओला होतो. बाटलीत पाणी गोठवून, जुन्या नॅपकिनात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवायची. आणि संक्रांतीचं सुगड. जानेवारीत वाण लुटून झालं की सुगडं माळ्यावर जातात. त्यातलं एक मोठं, न रंगवलेलं, आडवं करून आत ठेवा. मातीचं भांडं गार राहतं आणि त्याला ते बिळासारखं वाटतं. पुडीनं पहिल्याच दिवशी सुगडाचा ताबा घेतला आणि दुकानातून आणलेलं गुलाबी प्लास्टिकचं घर तेव्हापासून तिचा संडास झालं.

जगातले सगळे हॅमस्टर एकाच आईचे वंशज, ही गोष्ट खरी आहे का?

जवळजवळ खरी. आणि ऐकण्यासारखी आहे.

१९३० च्या सुमाराला जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर नावाचे परोपजीवींचे अभ्यासक काळा आजारावर काम करत होते. तोच काळा आजार, ज्यानं आपल्याकडे बिहार-बंगालात हजारो माणसं नेली. प्रयोगांसाठी ते चीनमधले हॅमस्टर वापरत, पण ते पिंजऱ्यात वीणच देत नसत, दर वेळी लांबून मागवावे लागत. जवळपासचा एखादा हॅमस्टर मिळेल का, अशी त्यांनी त्याच विद्यापीठातल्या इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञांकडे विचारणा केली.

अहारोनी अलेप्पोला गेले. तिथल्या एका शेखच्या मदतीनं गव्हाच्या शेतात खणायला सुरुवात झाली. १२ एप्रिल १९३० या दिवशी, बरंच शेत उकरून झाल्यावर, घरटं सापडलं: एक मादी आणि तिची अकरा पिल्लं. अहारोनींच्या आठवणींप्रमाणे घरटं आठ फूट खोल होतं. पुढच्या मोजमापांत बिळं इतकी खोल कधी निघाली नाहीत, तेव्हा या आकड्यावर मी पुरता विश्वास ठेवत नाही. खणणाऱ्याला खड्डा नेहमी खोलच वाटतो.

आई-पिल्लांना एका पेटीत ठेवलं. आईनं पहिल्या पिल्लाचं डोकं चावून त्याला मारलं. बाकीच्यांचंही तेच होईल म्हणून आईलाच मारून टाकलं गेलं. उरली दहा पिल्लं, डोळेही न उघडलेली. ती अहारोनी आणि त्यांच्या पत्नीनं हातावर वाढवली. पुढे विद्यापीठात लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवल्यावर काहींनी तळ कुरतडून रात्रीतून पोबारा केला. शेवटी हाताशी राहिली तीन-चार. त्यांतल्या एका भावा-बहिणीची जोडी लागली आणि वर्षभरात दीडशेच्या आसपास हॅमस्टर झाले. १९३१ मध्ये ॲडलर काही इंग्लंडला घेऊन गेले, म्हणतात की कोटाच्या खिशातून. १९३८ मध्ये ते अमेरिकेत पोचले. तिथून प्रयोगशाळा, मग घरं, मग तुमचं-आमचं पेट शॉप.

‘जवळजवळ’ एवढ्यासाठी म्हटलं की १९७१ मध्ये मायकेल मर्फी या अमेरिकन संशोधकानं अलेप्पोहून आणखी काही नेले आणि हाले विद्यापीठानंही नंतर आणले. पण दुकानातल्या हॅमस्टरची वंशावळ त्या एका खड्ड्यापाशीच जाऊन थांबते, असंच मानलं जातं.

त्याच्या आधी कुणाला माहीतच नव्हता का?

होता की. १८३९ मध्ये लंडनच्या जॉर्ज वॉटरहाऊस यांनी अलेप्पोहून आलेल्या नमुन्यावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्याच्याही आधी अलेप्पोत राहिलेले डॉक्टर पॅट्रिक रसेल यांनी १७९४ मध्ये त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. त्यांनी एक हॅमस्टर चिरून पाहिला तर दोन्ही गालपिशव्यांत फरसबीच्या कोवळ्या शेंगा, लांबीला लांबी लावून इतक्या नेटक्या रचलेल्या की हे यानं कसं जमवलं, हेच त्यांना कळेना. टेबलावर मोकळ्या पसरल्यावर ढीग प्राण्याच्या अंगाच्या तिप्पट झाला.

स्थानिक लोकांना अर्थातच तो कधीचा माहीत. त्यांच्या बोलीतल्या नावाचा अर्थ साधारण ‘खोगिराच्या पिशव्यांवाला’ असा होतो. आपल्याकडे वारीला निघालेल्या बुवांच्या खांद्यावर दोन तोंडांची पडशी असते ना, पुढे एक पिशवी, मागे एक? मी तर त्याला पडशीवाले बुवाच म्हणते.

एवढं गालात मावतं तरी कसं?

त्या पिशव्या नुसत्या गालात नसतातच मुळी. गालाच्या आतून सुरू होऊन खांद्यांच्या मागेपर्यंत जाणाऱ्या दोन पिशव्या असतात, कातडीखाली. रिकाम्या असल्या की दिसतही नाहीत. मी एकदा पुडीपुढे भिजवलेले हरभरे एकेक ठेवत गेले. पहिले सहा-सात तिनं झटझट आत ढकलले. मग थांबली, पुढच्या दोन पंजांनी गाल बाहेरून मागे दाबला, जागा केली, आणि पुन्हा सुरू. एकोणीसला तिचं डोकं धडापेक्षा रुंद झालं. मग सुगडाच्या तोंडात अडकली. मागे सरली, दोन हरभरे बाहेर टाकले, आत गेली, बाहेर आली आणि ते दोनही उचलून नेले.

मिठाई, चिकट गूळ, ओला भात पिशवीत अडकून सडतो. ते देऊ नका.

बीळ कसं असतं त्याचं?

१९९७ आणि १९९९ च्या त्या मोहिमांत तीस बिळं तपासली गेली. तोंड चार-पाच सेंटिमीटर रुंद, तिथून सरळ खाली उतरणारी नळी, मग आडवे बोगदे. झोपायची खोली वेगळी, धान्याची कोठी वेगळी, आणि लघवीसाठी एक टोक बंद असलेली वेगळी गल्ली. बिळं ३६ पासून १०६ सेंटिमीटरपर्यंत खोल, सरासरी ६५. बहुतेक बिळं शेतात, त्यातही डाळवर्गी पिकांत. मसुराच्या रानात राहायचं आणि मसूरच साठवायचा. (अलेप्पोच्या दक्षिणेला तेल हाद्या इथे मसूर-हरभऱ्याच्या बियाण्यांची मोठी आंतरराष्ट्रीय पेढीही होती. सीरियातल्या युद्धामुळे तिनं आपलं बियाणं २०१५ मध्ये नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या, जमिनीखालच्या बियाण्यांच्या तिजोरीतून परत मागवलं. धान्य जमिनीखाली दडवायचं शहाणपण त्या मातीत दोघांनाही सुचलं म्हणायचं.)

आता तुमच्या पिंजऱ्यात बोटभर भुसा असेल तर तो प्राणी कोपरे का खरवडतो, जाळी का चावतो, हे कळलं ना? खणायला काही नाही म्हणून. निदान वीतभर, जमलं तर त्याहून जास्त थर द्या. छापलेला नसलेला कागद फाडून, किंवा धूळ नसलेला जाड भुसा. आरा मशीनवरचा बारीक सागवानी भुसा फुकट मिळतो, पण नाकात जातो, शिंका येतात, नकोच. झोपायला कापूस देऊ नका, तंतू पायाला गुंडाळतात.

एकटा बोअर होत नाही का? दोन ठेवले तर?

नाही हो, बाप्पा, अजिबात नाही!

त्या तीस बिळांपैकी एकातही दोन मोठे हॅमस्टर एकत्र नव्हते. सगळ्यात जवळच्या दोन नांदत्या बिळांत ११८ मीटर अंतर. म्हणजे सीताबर्डीच्या मेन रोडवर एका दुकानात एक, आणि दुसरा दहा-बारा दुकानं सोडून. मादी नरापेक्षा आकारानं मोठी आणि स्वभावानं खमकी. नराला ती फक्त माजावर असेल त्या रात्री जवळ येऊ देते, दर चौथ्या दिवशी काही तास. एरवी हाकलते, चावते, प्रसंगी मारूनही टाकते.

हे मला वाचून माहीत होतं, तरी फसले. पुडीसोबत भाचीनं दुसरीही आणली होती. ‘दोघी बहिणी आहेत मॅडम, एकत्रच राहतात,’ असं दुकानात सांगितलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही. लहान पिल्लांत नर-मादी ओळखताना चूक सगळ्यांचीच होते, पण मी तरी उलटं करून बघायला हवं होतं. आठवड्यात कान फाटेपर्यंत मारामारी झाली, दोघींना वेगळं केलं. आणि सोळाव्या दिवशी सकाळी पुडीच्या सुगडात नऊ गुलाबी शेंगदाणे! बहीण कसली, तो भाऊ निघाला. सोळा दिवसांचा गर्भकाळ हा वारेवाल्या, म्हणजे पोटातलं पिल्लू वारेतून पोसणाऱ्या सस्तन प्राण्यांत सगळ्यात छोट्यांपैकी एक.

आईनं पिल्लं खाल्ली. वेडी झाली का?

वेडी आपण झालेलो असतो. शेजारच्या वहिनींना दाखवायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी सुगड उचलून बाहेर काढलं. संध्याकाळी नऊची सहा झाली. ज्या पेटीत अहारोनींच्या मादीनं पिल्लू मारलं, तिच्यातही हेच घडलं होतं: बीळ फुटलं, माणसाचा वास आला, पळायला जागा नाही. घाबरलेली आई कधी पिल्लं गालात भरून दुसरीकडे हलवते, कधी मारते.

पिल्लं झाली की दहा-बारा दिवस पिंजऱ्याला हात लावायचा नाही. पाणी, दाणे, थोडं उकडलेलं अंडं, एवढं ठेवायचं आणि निघून जायचं. तीन आठवड्यांत पिल्लं दूध सोडतात. मग लगेच नर-माद्या वेगळे करा, कारण महिन्याभराची मादीही गाभण राहू शकते. आमच्या सहांसाठी घरं शोधताना मला जेवढे फोन करावे लागले, तेवढे भाचीच्या लग्नालाही लागणार नाहीत.

रात्रभर चाक का फिरवतो? झोप नाही येत आमची.

निशाचर आहे म्हणून, हे नेहमीचं उत्तर. पिंजऱ्यापुरतं बरोबरही आहे. पण रानात? किलिसजवळच्या रानटी माद्यांवर नजर ठेवून २००८ मध्ये जे प्रसिद्ध झालं, ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. त्या माद्या दिवसा बाहेर यायच्या! सकाळी साधारण सहा ते आठ, आणि दुपारी चारपासून साडेसातपर्यंत. रात्री बिळाबाहेर जवळजवळ नाहीच. रात्री घुबडं असतात, कोल्हे असतात, दुपारी ऊन. मधल्या दोन फटी तेवढ्या कामाच्या, आणि त्यातही जमिनीवर घालवलेला वेळ थोडाच. धान्य भरायचं आणि घर गाठायचं.

म्हणजे ज्या प्राण्याला प्रयोगशाळांनी सत्तर-पंच्याहत्तर वर्षं निशाचर म्हणून अभ्यासलं, तो स्वतःच्या गावी दिवसपाळी करत होता. अंगातल्या घड्याळाचं बरंच शास्त्र याच हॅमस्टरवर उभं आहे, म्हणून तर मला हे फार मोठं वाटतं. १९८८ मध्ये राल्फ आणि मेनाकर या संशोधकांना एक असा हॅमस्टर सापडला ज्याचा ‘दिवस’ चोवीस तासांचा नव्हता. त्याच्या वंशात पुढे वीस तासांचा दिवस जगणारे निपजले. घड्याळ एका जनुकानं बिघडू शकतं, हे सस्तन प्राण्यांत तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

तुमच्या झोपेचं म्हणाल तर चाकाच्या दांड्याला खोबरेल तेलाचा एक थेंब. आणि चाक मोठं घ्या, निदान अठ्ठावीस सेंटिमीटरचं, सलग पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं. गजांच्या चाकात पाय अडकतो आणि लहान चाकात पाठीचा कणा वाकतो.

डिसेंबरात सकाळी बघितलं तर थंडगार, कडक. पुरून टाकला. बरोबर केलं ना?

हा प्रश्न मला तीनदा आला आहे आणि तिन्ही वेळा पोटात गोळा आला. थंडी, लहान दिवस आणि अन्नाची चणचण असली की हॅमस्टर शीतनिद्रेत जाऊ शकतो. श्वास मिनिटाला मोजके, अंग बर्फ. नागपुरात उन्हाळ्याचंच सगळे बोलतात, पण डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री गॅलरीत राहिलेला हॅमस्टर मेल्यासारखा दिसू शकतो.

मिशांकडे एकटक बघा, दोन-तीन मिनिटं. हलल्या तर जिवंत आहे. हातात धरून, सुती कापडात गुंडाळून हळूहळू ऊब द्या; हीटरपुढे धरू नका, गरम पाण्यात तर मुळीच नाही. तासभर, कधी जास्तही लागतो. शुद्धीवर आला की पाणी आणि डॉक्टर. सासरे पुडीसाठी कुंडीत खड्डा करून बसले होते, तिनं माझ्या ओंजळीत जांभई दिली.

संत्रं दिलं तर चालेल?

नागपुरात राहून हा प्रश्न आलाच पाहिजे. नाही. आंबट फळ त्याच्या पोटाला आणि गालपिशव्यांना झोंबतं. कांदा, लसूण, कच्चा राजमा, चॉकलेट, तर्री-बिर्री काही नाही.

ज्वारी, बाजरी, गहू, मसूर, थोडा हरभरा हे रोजचं. काकडी, गाजर, मेथीचं पान थोडं. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा, कारण रानात तो किडेही खातो. सूर्यफुलाच्या बिया मोजून. पोट्टे लाडानं मूठभर टाकतात आणि तो लठ्ठ होतो. जमा केलेला साठा साफसफाईत सगळा फेकू नका. ओलं तेवढं काढा, कोरडं ठेवा, नाहीतर दोन दिवस कावराबावरा होतो.

दुकानात ढिगानं मिळतो, मग धोक्यात कसा?

आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो आधी ‘असुरक्षित’ होता, आता ‘संकटग्रस्त’ आहे. मोजणी रानातल्यांची होते, दुकानातल्यांची नाही. आणि रानात त्याचं घर म्हणजे कुणाचं तरी उभं पीक.

इथे मी शेतकऱ्याला शिव्या देणार नाही. माझं माहेर काटोलकडचं. घुशीनं आणि उंदरांनी पोखरलेल्या बांधावर बसून वडिलांना हिशेब करताना मी पाहिलंय. मसुराची डाळ एकेक करून कोठीत नेणारा प्राणी ज्याच्या शेतात आहे, तो त्याला सोनेरी म्हणणार नाही, चोर म्हणेल. विषाचं आमिष टाकेल, सापळा लावेल. त्यात पाणी आलं की कोरडवाहूचं ओलिताचं होतं, वर्षातून दोन-तीनदा नांगर फिरतो, गावं वाढतात. मुलूखच नागपूर जिल्ह्याएवढा, त्यातून रोज थोडा थोडा कापला जातो. वाघासारखा तो देखणा आणि मोठा नाही, त्याच्या नावानं सफारी निघत नाही.

मग पाळलेले तिकडे नेऊन सोडायचे!

एका घरट्यातून आलेली, जवळच्या नात्यात वाढलेली, नव्वद वर्षं पिंजऱ्यात जगलेली पैदास ती. घुबड म्हणजे काय हे तिला माहीत नाही. आणि इथे आपल्या शेतात सोडाल तर संध्याकाळच्या आत मांजर, घार किंवा मुंगूस कुणीतरी नेईल. कंटाळा आला म्हणून फुटाळा तलावाच्या काठावर सोडून येणाऱ्यांनी हे वाचावं.

आमच्या शेतात पण दिसतो असा एक. तो हॅमस्टर का?

नाही. विदर्भात रानटी हॅमस्टर नाही. शेपटीला टोकाशी झुपका आणि मोठे डोळे असतील तर तो बहुधा आपला देशी जर्बिल.

माणसाच्या काही उपयोगाचा?

काळा आजारानं सुरुवात झाली ती अजून चालू आहे. कोविडच्या वेळी कोव्हॅक्सिनची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाली तेव्हा सीरियन हॅमस्टर वापरले होते, कारण त्यांच्या फुप्फुसांत तो विषाणू माणसासारखाच पसरतो. माकडांवरही चाचणी झाली, आणि ती माकडं आपल्या नागपूर भागातून पकडून नेली होती! दुसरी बाजूही आहे: हाँगकाँगमध्ये जानेवारी २०२२ मध्ये एका पेट शॉपमधल्या हॅमस्टरकडून माणसाला कोविड झाला आणि सरकारनं हॅमस्टरसकट सुमारे २,००० छोटे प्राणी मारले. आपल्याला सर्दी-ताप असेल तेव्हा पिंजऱ्यापासून लांब राहा आणि हात लावल्यावर हात धुवा.

किती जगतो?

दोन ते तीन वर्षं. मुलांना आणतानाच सांगून ठेवा.

आंघोळ?

पाण्यानं कधीच नाही. पसरट वाटीत कोरडी, चाळलेली, भाजून गार केलेली वाळू ठेवा, तो स्वतः लोळतो.

घ्यायचा तर कुठून, आणि आजारी पडला तर?

२०१८ च्या नियमांप्रमाणे पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, हे बेधडक विचारा. डोळे स्वच्छ, शेपटीखाली कोरडं असं पिल्लू बघा. शेपटीखाली ओलं असेल तर जुलाब आहेत, आणि या प्राण्याचा जुलाब दोन दिवसांत खेळ संपवतो. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर हॅमस्टर बघतोच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते.

रात्री पिंजऱ्यातून पळाला तर शोधायचा कसा?

आरडाओरडा नको. खोल्यांची दारं लावा, दारांखालच्या फटीत टॉवेल कोंबा. प्रत्येक खोलीत सूर्यफुलाच्या पाच बिया मोजून ठेवा आणि आजूबाजूला कणकेचा पातळ थर भुरभुरवा. सकाळी ज्या खोलीतल्या बिया गेल्या आणि पिठावर पावलं उमटली, ती खोली. मग तिथे बादली, बादलीत कापडाची गादी आणि दाणे, काठाला पुस्तकांचा जिना. चढतो, आत पडतो, वर येता येत नाही.

पुडी पळाली तेव्हा पावलं स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीपर्यंत गेली होती आणि तिथेच संपली. कोठीमागे हात घातला तर मऊ काहीतरी लागलं. बाहेर काढली तेव्हा दोन्ही गाल इतके भरले होते की तिला माझ्या बोटाला चावायलाही तोंड उघडता येईना.